सीमेपलीकडची गाडी आणि दोनदा भरलेला कर



धान विकून पैसा हाती आला की आपल्या जिल्ह्यात दोन गोष्टींची चर्चा सुरू होते. एक लग्नाची आणि दुसरी गाडीची. नवी गाडी घेण्याची ऐपत सगळ्यांची नसते, म्हणून मंडळी गोंदियाला नाहीतर थेट नागपूरला जातात, तिथल्या सोयऱ्यांना सोबत घेऊन चार ठिकाणी गाड्या पाहतात आणि एखादी बरी वापरलेली गाडी घेऊन बाघ नदीच्या पुलावरून राजेगावमार्गे घरी येतात. बालाघाट, वारासिवनी, कटंगी, लांजी, कुठल्याही बाजारात उभे राहून पाहा, एमपी-५० च्या गाड्यांमध्ये एमएच-३५, एमएच-३१, एमएच-४० अशा पाट्या हमखास दिसतील. त्यातल्या काही पाहुण्यांच्या असतात. बऱ्याचशा मात्र आपल्याच असतात, आणि आजचा विषय तोच आहे.

मंडळाच्या मागच्या बैठकीत एका सभासदाने विचारले की त्यांचा भाचा दुबईला आहे, तिथे जुन्या गाड्या फार स्वस्त मिळतात, तर एखादी जहाजाने इकडे आणता येईल काय? उत्तर सरळ आहे. दुबईच्या गाडीचे स्टिअरिंग डावीकडे असते, आणि आपल्या आयात नियमात वापरलेल्या गाडीचे स्टिअरिंग उजवीकडेच हवे. शिवाय गाडी बनून तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली नको, ती मुंबई बंदरातूनच आली पाहिजे, आणि सीमाशुल्क इतके की गाडीच्या किमतीपेक्षा कर जास्त. २०१३ च्या अर्थसंकल्पात हे शुल्क शंभरावरून सव्वाशे टक्के करण्यात आले आणि आजही एकूण भार त्याहून कमी नाही. आडवाटेने आणायचे म्हटले तर काय होते ते सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात दिसले. भूतानमधून आलेल्या जुन्या गाड्यांच्या संशयावरून सीमाशुल्क खात्याने तिथे मोठमोठ्यांच्या घरी झडत्या घेतल्या. तेव्हा भाच्याने पैसे पाठवावेत, गाडी पाठवू नये.

परदेशी गाडीला हे कडक नियम असावेत, हे आम्ही समजू शकतो. देशातला कारखाना आणि कामगार जगला पाहिजे. पण गोंदिया परदेश आहे काय? १८६७ साली बालाघाट जिल्हा तयार झाला तो भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत गोंदिया आणि बालाघाट एकाच राज्यात होते आणि आपली राजधानी नागपूर होती. त्या दिवशी रेघ ओढली गेली. आपली शेती, सोयरीक, दवाखाना, बाजार यांपैकी काहीच त्या रेघेने थांबले नाही. थांबली ती गाडीची नोंदणी!

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण याबाबत आपल्या लोकांमध्ये एक मोठा गैरसमज आहे. 'दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिने चालते, तोवर काही करायचे नाही,' असे चहाच्या टपरीवर ठासून सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ मध्ये बारा महिन्यांची मुदत आहे, पण ती नवा नंबर घेण्यासाठी. गाडी विकत घेतली असेल तर कलम ५० लागू होते. त्यात विकणाऱ्याने, गाडी दुसऱ्या राज्यात जात असल्यास, पंचेचाळीस दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत मालकी बदलल्याची माहिती परिवहन कार्यालयाला द्यायची आहे. म्हणजे नंबर बदलायला वर्ष आहे, नाव बदलायला महिनाच.

त्याआधी महाराष्ट्राच्या कार्यालयातून ना हरकत प्रमाणपत्र, ज्याला सगळे एनओसी म्हणतात, ते घ्यावे लागते. अर्ज फॉर्म २८ वर, चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा लावून. कार्यालयाने पोलिसांकडून गाडी चोरीची नाही याचा अहवाल घ्यायचा, कर थकला नाही ना ते पाहायचे. कलम ४८ प्रमाणे तीस दिवसांत त्यांनी होय की नाही कळवले नाही तर प्रमाणपत्र दिले असेच मानले जाते. ही ओळ दलाल तुम्हाला कधीच सांगणार नाही. म्हणून अर्जाची पोच जपून ठेवा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ आधी घ्या, त्याशिवाय पुढचे काहीच हलत नाही.

हे सगळे टाळले तर काय होते? आपल्यातल्याच एका कुटुंबाची गोष्ट सांगतो, नावगाव सांगत नाही. गोंदियाच्या भाऊजींनी आपली जुनी गाडी वारासिवनीच्या साळ्याला दिली. घरचाच व्यवहार, म्हणून कोऱ्या फॉर्मवर दोन सह्या झाल्या, पैसे हातोहात दिले, सोबत पेढे. नाव बदलले नाही. 'नंबर महाराष्ट्राचा असला तर काय बिघडते' म्हणत तीन वर्षे गेली, मधेच विमा संपला, तोही कोणाच्या लक्षात आला नाही. मग एका संध्याकाळी सायकलवाल्याला धडक बसली आणि त्या गरिबाचा पाय कायमचा अधू झाला. दाव्याची नोटीस गेली कोणाकडे? गोंदियाच्या भाऊजींकडे, कारण कागदावर मालक तेच! आज साळा आणि भाऊजी एका मांडवात बसत नाहीत. बहिणीचे माहेरी येणे बंद झाले आहे.

यात न्यायाधिकरणाने काही वावगे केले असे समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच स्पष्ट केले. तिथे गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, पण नोंदीत नाव पहिल्याचेच राहिले, आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली. कोर्टाचे म्हणणे असे की जखमी माणसाने खऱ्या मालकाच्या शोधात दारोदार फिरायचे नाही. आम्हाला हे पटते. आपल्या मंडळाचे लोक गाडीत बसणारेही आहेत आणि सायकल चालवणारेही.

पण मग लोक नाव का बदलत नाहीत? नुसता आळस म्हणून मोकळे होता येणार नाही. खरे कारण पैशाचे आहे. नागपूरला नवी गाडी घेणाऱ्याने महाराष्ट्राचा एकरकमी कर भरलेला असतो. समजा एक लाख रुपये भरले आणि गाडी सहा वर्षांनी आपल्याकडे आली. नोंदणी पंधरा वर्षांची, तेव्हा साधा हिशेब केला तरी नऊ वर्षांचा कर शिल्लक आहे. तरीही मध्य प्रदेशच्या १९९१ च्या मोटरयान कराधान अधिनियमाखाली घेणाऱ्याला इथे पुन्हा कर भरावा लागतो. महाराष्ट्रातून उरलेला कर परत मागता येतो हे खरे, पण तो मिळणार विकणाऱ्याला, आणि त्यासाठी गाडी इकडे नोंदली गेल्याचा पुरावा हवा, जो घेणाऱ्याकडे असतो. एकदा व्यवहार झाला की कोण कोणाला विचारतो? परतावा सरकारजमा राहतो आणि दुसरा कर आपल्या खिशातून जातो. म्हणून आमची सूचना आहे की सौदा ठरतानाच हे बोलून घ्यावे. परतावा निम्मा-निम्मा, किंवा तेवढी रक्कम किमतीतून कमी, जे ठरेल ते कागदावर लिहून घ्यावे. घरच्या व्यवहारात तर जरूर लिहावे.

आता जरा बाहेर पाहू. पोलंड २००४ मध्ये युरोपीय संघात गेला आणि तिथले लोक जर्मनीतून जुन्या गाड्या आणू लागले. पोलंडने त्यावर जबर अबकारी कर लावला. प्रकरण युरोपच्या न्यायालयात गेले. जानेवारी २००७ मध्ये निकाल आला की देशात आधीच नोंदलेल्या तशाच जुन्या गाडीच्या किमतीत जेवढा कर शिल्लक उरला असेल, त्यापेक्षा जास्त कर बाहेरून आलेल्या गाडीवर लावता येणार नाही. दोन वेगळे देश, दोन भाषा, एकमेकांशी महायुद्ध लढलेले लोक, आणि तरी जुन्या गाडीच्या बाबतीत एवढा न्याय! इथे एकच देश, एकच संविधान, आणि मामाच्या गावाहून भाच्याच्या गावी गाडी आली की कर नव्याने.

आपल्याकडे काही झालेच नाही असे नाही. २०१८ मध्ये राज्यांच्या परिवहन मंत्र्यांच्या गटाने देशभर एकसारख्या कराची शिफारस केली होती. सप्टेंबर २०२१ पासून बीएच मालिकेची नोंदणी सुरू झाली, तीत दोन-दोन वर्षांचा कर भरायचा आणि राज्य बदलले तरी नंबर तोच. पण ती मिळते कोणाला? सैन्यदलातल्यांना, सरकारी नोकरांना, आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना. लांजीचा धान उत्पादक, कटंगीचा किराणा दुकानदार, उकव्याच्या खाणीवरचा ठेकेदारी मजूर यांना ती नाही. सीमेवर राहणाऱ्यालाच सीमेची सवलत नाही, हा कुठला न्याय?

राज्य सरकारे म्हणतील की रस्ते आम्ही बांधतो, कर आमचा हक्क आहे. तो आहेच. वाहनावरचा कर राज्यसूचीतच आहे, आणि भेदभाव न करणारा कर लावल्याने व्यापाराचे स्वातंत्र्य मोडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१६ मध्ये म्हटले आहे. तेव्हा कोर्टात जाऊन हात पोळून घेण्यात अर्थ नाही. वाट दुसरी आहे. समवर्ती सूचीच्या ३५ व्या नोंदीप्रमाणे वाहनकराची तत्त्वे ठरवणारा कायदा संसद करू शकते. आमची मागणी एवढीच की 'जितकी वर्षे एका राज्यात चालली तितका कर त्या राज्याचा, उरलेला दुसऱ्याचा' हे तत्त्व संसदेने ठरवावे आणि दोन राज्यांनी आपसांत हिशेब करावा. संगणकावर गाडीचा इतिहास एका क्षणात दिसतो, मग पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जायला काय अडचण आहे? १ जुलै २०२४ पासून मध्य प्रदेशने परिवहन खात्याचे चेकपोस्ट बंद केले, याचे आम्ही स्वागत केले होते. लोखंडी फाटक गेले, कागदी फाटक तेवढे राहिले आहे.

निवडणुकीच्या काळात सगळ्या पक्षांचे उमेदवार आपल्या दारी येतात, सीमाभागाचा विकास म्हणतात आणि महाराष्ट्राचे नेतेही प्रचाराला पूल ओलांडून येतात. त्यांच्या गाड्यांना कोणी अडवत नाही, तो भाग वेगळा. त्यांना हा प्रश्न नेमक्या शब्दांत विचारला पाहिजे. खासदारांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा तयार आहे. ज्यांनी मागच्या पाच वर्षांत महाराष्ट्रातली गाडी घेऊन इथे कर भरला, त्यांनी एनओसीची आणि दोन्ही राज्यांच्या करपावत्यांची प्रत मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावी. खरे आकडे हाती असल्याशिवाय दिल्लीत कोणी ऐकणार नाही. आणि ज्यांच्या गाडीवर अजून सोयऱ्याचेच नाव आहे, त्यांनी पावत्या आणण्याआधी विम्याची तारीख पाहावी आणि नाव बदलण्याचा अर्ज करावा. फॉर्म २९ आणि ३० कार्यालयात ठेवले आहेत, रविवारी सकाळी आपले दोन कार्यकर्ते ते भरून देतील, त्याचे पैसे लागत नाहीत.