समेट : ध्वजाच्या पुढचे पाऊल

१/ ऑस्ट्रेलियातील अनेक कॅथलिक शाळा आज ॲबोरिजिनल समाजांशी ‘समेटा’चे आराखडे जाहीर करतात. आवारात आदिवासी ध्वज फडकतो, समारंभापूर्वी भूमीच्या मूळ रक्षकांना वंदन होते. हे स्वागतार्ह आहे, पुरेसे नाही.

२/ पश्चिम ऑस्ट्रेलियातील बीगल बे येथे १८९० मध्ये ट्रॅपिस्ट भिक्षूंनी मिशन स्थापिले. १९१८ चे तेथील चर्च शिंपल्यांच्या नक्षीसाठी वाखाणले जाते. आईपासून तोडलेली मिश्रवंशीय मुलेही याच मिशनमध्ये धाडली जात.

३/ ‘ब्रिंगिंग देम होम’ (१९९७) या राष्ट्रीय अहवालानुसार १९१० ते १९७० दरम्यान दर दहांतील एक ते दर तिघांतील एक मूल असे हिरावले गेले. कायदा सरकारचा; आश्रयस्थाने मात्र अनेकदा चर्चची.

४/ ‘काळच तसा होता’ हा बचाव लटका आहे. त्याच काळात माता मुलांच्या अंगाला कोळसा फासून त्यांना लपवीत होत्या. अन्याय तेव्हाही अन्यायच होता. फक्त त्यांचे मत कोणी विचारले नाही.

५/ कॅथलिक धर्मशिकवणीतच पापक्षमेसाठी पश्चात्ताप, कबुली आणि प्रायश्चित्त ही तिन्ही सांगितली आहेत. ध्वज हा फार तर पश्चात्ताप. मिशनांचा इतिहास वर्गात शिकवणे ही कबुली. जुन्या नोंदवह्या वंशजांना खुल्या करणे आणि शाळेच्या निर्णयांत आदिवासी ज्येष्ठांना अधिकार देणे, हे प्रायश्चित्त.

६/ जो नियम शाळा मुलांना शिकवते, तोच तिने स्वतःला लावावा. एवढीच मागणी आहे.