वशिल्याचें नवें बारसें

मराठी मध्यमवर्गास कांहीं शब्दांची मनापासून शिसारी आहे. 'वशिला' हा त्यांतला एक. सरकारी कचेरींत कोणाचा भाचा चिकटला, शाळेंत संस्थाचालकांच्या सुनेची नेमणूक झाली, म्हणजे आपल्या दिवाणखान्यांत जो संताप उसळतो तो खोटा नसतो. परंतु त्याच दिवाणखान्यांत, घरचा नुकताच पदवीधर झालेला चिरंजीव कोणत्या काकांच्या ओळखीनें कोणत्या कंपनींत शिरावा याचीहि मसलत चालते. आणि त्या मसलतीस 'नेटवर्किंग' असें भारदस्त नांव असतें. शेजाऱ्यानें केला तर वशिला, आपण केलें तर नेटवर्किंग! बारसें नवें झालें, मूल तेंच आहे.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हल्लीं एक उपदेश ऐकूं येत असेल: 'नुसतें शिकून काय होतें? स्वतःस विकतां आलें पाहिजे.' या उपदेशाचीं अंगें दोन. पहिलें, स्वतःचे गुण एका पानांत मांडणारा कागद, ज्यास रेझ्युमे किंवा सीव्ही म्हणतात; दुसरें, उपयोगी पडतील अशा माणसांच्या ओळखी जोडणें व राखणें. दोन्ही विद्यांचे वर्ग भरतात, त्यांस शुल्क पडतें, आणि ज्या आईबापांनीं मुलांस 'आपली स्तुति आपण करूं नये' असें लहानपणीं शिकविलें तेच आतां तें शुल्क भरतात. आमचें म्हणणें असें कीं, जेथें गुणांची प्रत्यक्ष परीक्षा होत नाहीं तेथेंच या दोन्ही विद्या माजतात. ती परीक्षा मागण्याचें सोडून आपण मुलांस या विद्या पढवीत बसलों आहों, यांत आपल्या मुलांचें नुकसान आहे, आणि जीं मुलें आपलीं नाहींत त्यांचें तर फारच मोठें आहे.

आपले गुण सांगणें हें मुळांत निंद्य, असें आम्ही मुळींच मानीत नाहीं. सुमारें १४८२ सालीं लिओनार्दो दा विंची यानें मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा यास उद्देशून लिहिलेल्या पत्राचा मसुदा आजहि उपलब्ध आहे. त्यांत त्यानें आपल्यास काय काय येतें याची कलमवार यादी दिली आहे: उचलून नेतां येतील असे हलके पूल, वेढ्याच्या वेळीं खंदकांतील पाणी काढण्याची युक्ति, तोफा, भुयारें, झांकलेले युद्धरथ. ज्या चित्रकलेनें तो अमर झाला ती शेवटीं शेवटीं येते, कारण मागणाऱ्यास लढाईचीं साधनें हवीं होतीं, चित्रें नव्हेत. येथपर्यंत पाहिलें तर हा आजच्या उमेदवाराचा मूळपुरुषच वाटेल. परंतु त्या पत्राचा शेवट पाहावा. यांतील कांहीं कोणास अशक्य वाटत असेल तर आपल्या उद्यानांत किंवा आपण सांगाल त्या जागीं तें करून दाखविण्यास मी सिद्ध आहें, असें तो लिहितो. या एका वाक्यानें साऱ्या यादीचें स्वरूप पालटतें. जो करून दाखवितों म्हणतो त्याची स्तुति ही स्तुति राहत नाहीं, ती प्रतिज्ञा होते. आजच्या कागदावर यादी तेवढी राहिली, प्रतिज्ञा मात्र गळाली आहे.

ती गळाल्यावर त्या यादीचें काय झालें, हें आम्ही शिक्षक दर वर्षीं पाहतों. स्नेहसंमेलनांत खुर्च्या मांडणारा विद्यार्थी कागदावर 'कार्यक्रम-व्यवस्थापक' होतो. सेवा योजनेच्या शिबिरांत खड्डे खणलेल्याच्या अंगीं 'नेतृत्व' येतें, आणि चुलत्याच्या दुकानांत सुटींत वह्या लिहिणारा 'वित्तीय नियोजना'चा अनुभवी ठरतो. यांत धडधडीत खोटें एकहि नसतें, आणि खरेंहि एकहि नसतें. अशा वेळीं एखादी प्रामाणिक मुलगी अडखळते; 'हें मीं एकटीनें केलें नाहीं, मग केलें असें कसें लिहूं?' म्हणून विचारते. तिला आपण सांगतों कीं, तुझ्यांत आत्मविश्वास कमी आहे! एकविसाव्या वर्षीं, स्वतःच्या सहीनें जगापुढें ठेवावयाचा पहिला महत्त्वाचा कागद, आणि तो वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीं फुगवून लिहावयाचा. यापुढें या तरुणांकडून हिशेबाच्या वहींत किंवा औषधाच्या चांचणींत खऱ्या आंकड्यांची अपेक्षा आपण कोणत्या तोंडानें करावयाची?

बरें, एवढें करून हा कागद वाचतो कोण? मोठ्या कंपन्यांत तो प्रथम यंत्र वाचतें आणि ठराविक शब्द आढळले नाहींत तर बाजूस सारतें. हार्वर्डच्या व्यापार-विद्यालयानें एका सल्लागार कंपनीच्या साहाय्यानें २०२१ सालीं या प्रकाराची पाहणी प्रसिद्ध केली. तींत पाहणी केलेल्या मालकांपैकीं ८८ टक्क्यांनीं कबूल केलें कीं, केवळ ठरविलेल्या निकषांशीं अक्षरशः जुळत नाहींत म्हणून लायक उमेदवार या चाळणींतून गळून जातात. आतां तर तो कागद लिहून देणारींहि यंत्रें आलीं आहेत. यंत्रानें लिहावें, यंत्रानें वाचावें, आणि माणसानें मधल्यामध्यें आशेवर बसावें! जो कागद कोणासहि दोन मिनिटांत मिळतो त्यावरून कोणाचीहि पारख होणार नाहीं, हें सांगावयास ज्योतिषी नको. पारख झाली नाहीं कीं मालक दुसरा मार्ग धरतो: 'आपल्या माहितींतला कोणी आहे का?' अशा रीतीनें पहिली विद्या निकामी होते, आणि दुसरीस राज्याभिषेक होतो.

या दुसऱ्या विद्येच्या पुरस्कर्त्यांचें एक आवडतें प्रमाण आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रानोवेटर यांनीं १९७३ च्या एका लेखांत व पुढल्या वर्षींच्या ग्रंथांत असें दाखविलें कीं, मॅसॅच्युसेट्समधील न्यूटन गांवीं नोकरी बदलणाऱ्या सुशिक्षितांपैकीं निम्म्याहून अधिकांस ती ओळखीच्या द्वारें मिळाली. आणि तीहि घनिष्ठ मित्रांकडून नव्हे, तर क्वचित् भेटणाऱ्या परिचितांकडून. कारण उघड आहे. जिवलग मित्रास जें ठाऊक तें बहुधा आपल्यासहि ठाऊक असतें. नवी बातमी लांबच्या माणसाकडून येते. संशोधन उत्तम आहे. त्यावरून काढलेला उपदेश मात्र आंधळा आहे. 'परिचय वाढवा' म्हणून सांगणारा एवढा विचार करीत नाहीं कीं, लांबचे परिचित हे देखील बहुतांशीं जन्मावरून ठरतात. पुण्याच्या कोथरुडांतील मुलाचा लांबचा परिचित म्हणजे वडिलांच्या वर्गमित्राचा मेहुणा, आणि तो बंगळूरच्या कंपनींत अधिकारी असतो. किनवटच्या किंवा जतच्या शेतकऱ्याच्या मुलीचा लांबचा परिचित कोण? तलाठी, कृषि-सेवा केंद्राचा दुकानदार, आणि फार तर शाळेंतले गुरुजी. ती कितीहि हंसतमुख राहिली, लिंक्डइनवर कितीहि अनोळखी साहेबांस नमस्कार पाठवीत बसली, तरी हें अंतर तुटावयाचें नाहीं. तिच्यापुढें 'नेटवर्किंग कर' म्हणणें म्हणजे विहीर नसलेल्यास मोट हाकावयास सांगणें होय.

अंतर ओळखीचेंच असतें तर एक वेळ सोसलें असतें; तें नांवांतहि असतें. सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांनीं आपल्या देशांतील इंग्रजी वृत्तपत्रांत आलेल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींस अर्ज धाडून पाहिले. पात्रता सारखी, फरक केवळ आडनांवाचा. २००७ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा कीं, उच्चवर्णीय हिंदु नांवाच्या मानानें दलित नांवास पुढचें बोलावणें येण्याच्या संभवाचें गुणोत्तर ०.६७, आणि मुसलमान नांवास ०.३३. गुण कागदावर समसमान असूनहि ही गत. मग तोच कागद बाजूस ठेवून 'आपल्या माहितींतला' माणूस शोधूं लागल्यावर काय होत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

आपल्या वर्गाचा इतिहास आपण इतक्या लवकर विसरावा, याचें आम्हांस विशेष नवल वाटतें. ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यांत मुलकी अधिकारी संचालकांच्या मर्जीनें नेमले जात. १८५३ च्या सनदी कायद्यानें ती मर्जी संपली आणि १८५५ पासून स्पर्धेची परीक्षा सुरू झाली. ती परीक्षा न्याय्य नव्हती. ती लंडनला होई, तिचा अभ्यासक्रम तिकडचा असे, आणि येथील मुलांनीं समुद्र ओलांडून तेथें जावें अशी अपेक्षा असे. तरीहि १८६३ सालीं सत्येंद्रनाथ टागोर तिच्यांतून निवडले गेले. संचालकांच्या मर्जीच्या दारांतून कोणी हिंदी माणूस शंभर वर्षांत आंत गेला नव्हता. परीक्षेच्या अरुंद फटींतून तो आठ वर्षांत गेला. आपल्या आज्या-पणज्यांपैकीं किती जण वार लावून जेवून, रस्त्यावरच्या दिव्याखालीं वाचून, केवळ गुणपत्रिकेच्या बळावर कचेरीची पायरी चढले! त्यांच्या हातीं काकांची ओळख असती तर परीक्षेची गरज नव्हती, आणि परीक्षा नसती तर आज हा दिवाणखाना नसता. ज्या शिडीनें आपण चढलों ती वर ओढून घेऊन खालच्यांस 'उडावयास शिका' म्हणणें, हें कोणत्या नीतींत बसतें?

यावर आक्षेप येतो कीं, परीक्षा घोकंपट्टी मोजते. कंपनीस माणूस पाहिजे, आणि ओळखीच्यानें हमी दिली तर मालकाचा धोका कमी होतो. यांतला पहिला भाग आम्हांस मान्य आहे; आम्ही तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. परंतु घोकंपट्टीवर उपाय अधिक चांगली परीक्षा हा आहे, परीक्षाच नसणें हा नव्हे. हिशेबनीस पाहिजे तर त्याच्यापुढें चुकलेला ताळेबंद ठेवावा. भाषांतरकार पाहिजे तर एक पान द्यावें. प्रोग्रॅमर पाहिजे तर बिघडलेला प्रोग्रॅम द्यावा. आणि तपासतांना नांव झांकावें. हमीविषयीं म्हणाल, तर बहुतेक हमीदार उमेदवाराच्या कामास नव्हे, त्याच्या घराण्यास हमी देत असतात. केंद्र सरकारनें १ जानेवारी २०१६ पासून आपल्या खालच्या श्रेणींतील नोकऱ्यांसाठीं मुलाखत बंद केली, ती वशिला मुलाखतींत मुरतो हें ओळखूनच. त्या सरकारच्या नांवें बोटें मोडणारे आपण, आपल्या खाजगी कचेऱ्यांत मात्र उमेदवार सुचविणाऱ्या नोकरास बक्षीस देतों!

तेव्हां कर्तव्य काय? विद्यार्थी आपल्या शिफारशीचें पत्र आपणच लिहून आणतात आणि सही मागतात; आम्हां शिक्षकांनीं ती देऊं नये, आणि स्वतः लिहावयाचें तें पाहिलेल्या कामापुरतें लिहावें. आमच्या वाचकांत जे कंपन्यांतून निवड करण्याच्या जागीं आहेत त्यांनीं कागद कमी वाचावेत आणि काम अधिक करवून पाहावें. आणि ज्यांच्याजवळ ओळखी आहेत त्यांनीं त्या अवश्य वापराव्यात, परंतु पुतण्यापूर्वीं त्या मुलीसाठीं, जिच्या घरीं असा काका नाहीं. तिच्याकरितां साहेबांस एवढेंच सांगावें कीं, हिला घेऊं नका, हिची परीक्षा घ्या. अशा शब्दास वशिला म्हणण्याची कोणाची छाती होणार नाहीं.

बोलणाऱ्याचीं बोरें विकतात आणि न बोलणाऱ्याचे आंबेहि पडून राहतात, असें आपल्याकडे म्हणतात, आणि आजकाल तें उपदेश म्हणून सांगतात. वस्तुतः ती गिऱ्हाइकाच्या मूर्खपणाची नोंद आहे. आंबा घेणारा शहाणा असेल तर ओरडण्याकडे लक्ष न देतां एक फोड मागतो. आपण आपल्या मुलांस ओरडावयास शिकविण्यांत आपली सारी बुद्धि खर्च करीत आहों. फोड मागणारीं गिऱ्हाइकें तयार करण्याचें काम मात्र अद्याप कोणी हातीं घेतलेलें नाहीं.