दोरीबाहेर उभं राहायला शिकू या

गोल्फ म्हटलं की आपल्याला काय आठवतं? हिरवंगार मैदान, डोक्यावर टोपी आणि मागून बॅग घेऊन चालणारा माणूस. बड्या लोकांचा खेळ! हिंगोली, वसमत, कळमनुरीत राहणाऱ्या आपल्याला तो दिसतो तो टीव्हीवर, तोही चॅनल बदलताना. पण मैत्रिणींनो, या खेळातले कोच जे शिकवतात ते आई म्हणून आपल्याला रोज उपयोगी पडेल, असं मला वाटतं.

गोल्फमध्ये एक मजेदार नियम आहे. एकेरी स्पर्धा सुरू झाली की खेळाडूला सल्ला देता येतो फक्त तिच्या कॅडीला, म्हणजे बॅग सांभाळणाऱ्या सोबत्याला. कोच कितीही मोठा असो, त्यानं दोरीबाहेर उभं राहून बघायचं. खेळाडूनं त्याला सल्ला विचारला तर दोन फटक्यांचा दंड! जे शिकवायचं ते आधी. मैदानात तिचं तिनं बघायचं.

बंगळुरूची अदिती अशोक आठवते? तिच्या घरात आधी कुणी गोल्फ खेळत नव्हतं. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तिचे वडील कॅडी होते आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिची आई. चार दिवसांच्या खेळानंतर अदिती चौथी आली, पदक फक्त एका फटक्यानं हुकलं. आई शेवटपर्यंत बरोबर चालली, बॅग सांभाळली. पण काठी लेकीच्याच हातात होती.

अमेरिकेत टेक्सासमध्ये हार्वे पेनिक नावाचे एक नावाजलेले कोच होऊन गेले. लहानपणी ते स्वतः कॅडी होते. शिकवताना जे उमजेल ते वर्षानुवर्षं एका लाल वहीत लिहीत गेले. त्या वहीचं पुस्तक झालं १९९२ मध्ये, ऐंशी पार केल्यावर! बेन क्रेनशॉ आणि टॉम काइट हे त्यांचे दोन नामांकित शिष्य. पण एकाला शिकवत असताना ते दुसऱ्याला बघू देत नसत. एकाला लागू पडलेलं दुसऱ्याला पडेलच असं नाही, म्हणून. आणि आपण? ‘शेजारच्या पोरीला बघ किती मार्क पडले!’ हे वाक्य आपल्या किती घरांत रोज ऐकू येतं!

पेनिक आणखी एक गोष्ट बजावायचे. डॉक्टरांनी एक गोळी सांगितली तर अख्खी बाटली घ्यायची नसते. सूचना एका वेळी एकच. आपण मात्र पोरगी शाळेतून येताच अभ्यास, केस, चपला आणि मोबाइल एका दमात काढतो. मग तिनं त्यातलं नेमकं काय ऐकायचं?

खरं तर यासाठी टेक्सासला जायची गरज नाही. गुरू कसा असावा, याची गोष्ट आपल्याच जिल्ह्यात आहे. नर्सीच्या नामदेवांना संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी कच्चं मडकं ठरवलं, तेव्हा ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे आले, असं परंपरा सांगते. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले! नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, जिथं देव नाही तिथं माझे पाय ठेव. नामदेव पाय फिरवत राहिले आणि जिथं ठेवावे तिथं देव! विसोबांनी प्रवचन झोडलं नाही. शोधायचं काम शिष्यावर सोपवलं.

आणि कोच म्हणजे पुरुषच असायला हवा, असंही नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं. त्याच्या कोच दीपाली देशपांडे, स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये खेळलेल्या. त्यांना तो दुसरी आई मानतो. पण बंदुकीचा चाप त्यालाच ओढावा लागला ना?

आता आपलं बघा. दहावी-बारावीची परीक्षा आली की काही केंद्रांच्या भिंतींवर कॉप्या पुरवणारे नातेवाईक चढतात. प्रेमापोटीच! पण त्यातून पोरीला एकच कळतं, की हिला स्वतःहून जमणार नाही असं घरच्यांनाच वाटतं. उद्या ती नोकरीला जाईल, सासरी जाईल. तिथं कोण भिंत चढणार?

दोरीबाहेर राहायचं म्हणजे पोरीला वाऱ्यावर सोडायचं, असं मात्र नाही हं. कबड्डी-खो-खोच्या सरावाला ती जात असेल तर कधीतरी स्वतः मैदानावर जाऊन बसा. शिकवणाऱ्या सरांची, मॅडमची ओळख ठेवा. पोरगी अचानक गप्प झाली, जायला टाळू लागली, तर शांतपणे विचारा आणि तिच्यावर विश्वास ठेवा. ‘आता मोठी झालीस, बस झाला खेळ’ असं कुणी म्हणालं तर घरात तिची बाजू घ्या. आईची ही सोबत असेल तरच आपल्याकडच्या कितीतरी मुली मैदानापर्यंत पोचतात.

तिची बॅग धरायला आपण आहोतच. फटका मात्र तिचा तिला मारू द्या. चुकला तरी!