कोठार भरले, वरणाचे काय?

गोंदियाला धानाचे कोठार म्हणायची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, देवरी-सालेकशातल्या घराची अन्नसुरक्षा तपासतानाही पहिला प्रश्न ‘यंदा पोती किती झाली?’ हाच असतो. पाऊस लांबला की रोवणी खोळंबते, मग तुडतुडा, गादमाशी, खोडकिडा येतात आणि कापणी झाल्यावर अवकाळी पाऊस कडपा भिजवतो. हे धोके खरे आहेत. सहायक कृषी अधिकाऱ्यांना ते आम्ही सांगायला नको. पण भाताची तूट भरायला निदान रेशन आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी 5 किलो, अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य मिळते, जानेवारी 2023 पासून तेही मोफत. वरणाला आणि मासोळीला असा आधार नाही. आमच्या मते खरी जोखीम तिथे आहे.

धुऱ्यावरची तूर आणि उभ्या धानात फेकलेली लाखोळी, जवस ही इथल्या घराची डाळ-तेलाची सोय होती. पाणी आले तिथे उन्हाळी धान आले, हार्वेस्टर आला. उरलेसुरले मोकाट गुरांनी खाल्ले. लाखोळीने पाय लुळे पडतात ही भीती आपण पिढीभर सांगितली. रायपूरच्या कृषी विद्यापीठाने कमी विषद्रव्याचे ‘महातेवडा’ वाण काढले, ते मात्र तेवढ्या आवाजात सांगितले नाही.

तलावांची कथा याहून कडू. कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव मालगुजारी रद्द करणाऱ्या 1950 च्या कायद्यानंतर सरकारकडे गेले आणि गाळाने, बेशरमाने भरत राहिले. तलावात सोडलेल्या बीजाचा कटला-रोहू बाजारात जातो. गावच्या हंडीत पडायची ती स्थानिक मासोळी. अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर कुटुंबांसोबत बेशरम उपटले, देशी पाणवनस्पती लावल्या, आणि तिथे स्थानिक मासे परतले. तरीही पोषण आराखड्यात तलावाला एक ओळ मिळत नाही. (मत्स्यव्यवसाय खाते वेगळे आहे, हे उत्तर आम्हाला पाठ आहे.)

उरला पैसा. मोह आणि तेंदूपत्त्याची कमाई उन्हाळ्यातली. रोवणी आटोपली की कापणीपर्यंत मजुरी आटते. पुढे खरेदी केंद्र उशिरा उघडले, बारदाना संपला, चुकारे अडकले की गरजू शेतकरी हमीभावाखाली व्यापाऱ्याला धान घालतो आणि किराणा दुकानातून तूरडाळ उधारीवर आणतो.

तेव्हा यंदाच्या कुटुंब पाहणीत पोत्यांच्या रकान्याखाली तीन प्रश्न जोडा: घरची डाळ किती महिने पुरते, बोडीतला वा तलावातला मासा घरी किती वेळा शिजतो, आणि गेल्या हंगामाचे चुकारे कधी मिळाले. आणि पाहणी भादव्यात करा. दिवाळीनंतर, नवे धान घरात आल्यावर, या जिल्ह्यात तुम्हाला काहीच सापडणार नाही.