विश्लेषण : ‘शकुंतला’ नेमकी कुणाची? मालकीच्या गुंत्यात अडकलेली परतवाड्याची रेल्वे

अचलपूर-परतवाडा हे अमरावती जिल्ह्यातले जुळे शहर. मेळघाट आणि चिखलदऱ्याकडे जाणारी वाट येथूनच जाते. संत्री, कापूस, सागवान यांची मोठी बाजारपेठही येथे आहे. शंभर वर्षांपूर्वी या शहराला रेल्वे होती. आज रूळ गवतात हरवले असून, रेल्वे पकडायची तर दुसरे गाव गाठावे लागते. ‘शकुंतला’ बंद का पडली, या प्रश्नाचे उत्तर इंजिनात कमी आणि मालकीच्या कागदांत जास्त आहे.

हा मार्ग कुणी बांधला?

वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे इंग्लंडमधील गिरण्यांपर्यंत पोहोचवायचा, हा मूळ हेतू. मुंबईतील किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीने १९१० मध्ये सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन केली. मुंबई-नागपूर मुख्य मार्गावरील मूर्तिजापूर हे केंद्र धरून एक फाटा दर्यापूर, अंजनगावमार्गे अचलपूरला, तर दुसरा कारंजा, दारव्हामार्गे यवतमाळला गेला. एकूण लांबी सुमारे १९० किलोमीटर. रुळांमधील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर. ब्रॉडगेजमध्ये ते १,६७६ मिलिमीटर असते. मँचेस्टरमध्ये १९२१ साली तयार झालेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धावले. त्यानंतर डिझेल इंजिन आले.

राष्ट्रीयीकरणातून मार्ग कसा सुटला?

रूळ खासगी कंपनीचे असले तरी गाड्या चालवण्याचे काम करारानुसार ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडे, म्हणजे ‘जीआयपी’कडे होते. जीआयपीचा कारभार १९२५ मध्येच सरकारने हाती घेतला आणि १९५१ मध्ये तिच्यासह इतर रेल्वे एकत्र करून मध्य रेल्वे विभाग अस्तित्वात आला. गाडी चालवणारी यंत्रणा अशी सरकारी झाली. रुळांची मालकी मात्र जुन्या कंपनीकडेच राहिली. ‘सरकार ही गाडी विसरले’ असे वऱ्हाडात गमतीने सांगतात. एक वेळ ते मान्य केले, तरी करार त्यानंतर अनेकदा नव्याने पुढे चालू ठेवण्यात आला. प्रत्येक वेळी मार्ग विकत घेण्याचा विचार करता आला असता. तो तडीस गेला नाही, याला विसर म्हणता येणार नाही. ती टाळाटाळच आहे.

‘इंग्रजांची गाडी’ हे कितपत खरे?

अंशतः. कंपनीचा जन्म इंग्रजी भांडवलातून झाला. पुढे मात्र किलिक निक्सन भारतीय उद्योजकांच्या हाती आली. त्यामुळे ‘आजही ब्रिटिशांना खंडणी जाते’ ही समाजमाध्यमांवरची लोकप्रिय कहाणी मूळ प्रश्नावरून लक्ष उडवते. मालक लंडनचा असो की मुंबईचा, रूळ एकाचे आणि गाडी दुसऱ्याची अशी स्थिती असेल, तर पूल दुरुस्त करायचा कुणी आणि नवे रूळ टाकायचे कुणाच्या पैशातून, हा वाद उरतोच. त्या वादात रूळ झिजले, वेग बैलगाडीची आठवण करून देण्याइतका खाली आला आणि शेवटी सुरक्षिततेच्या कारणावरून गाडीच थांबली.

इतरत्र काय घडले?

महाराष्ट्रातच उलट उदाहरण आहे. बार्शी लाइट रेल्वेही खासगी कंपनीची आणि तेवढ्याच, ७६२ मिलिमीटर रुंदीची. ती सरकारने १९५४ मध्ये विकत घेतली. पुढे वेळ लागला, पण मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर हा पट्टा ब्रॉडगेजवर आला. मालकी एकाच हाती असल्याने निधीचा निर्णय घेणे शक्य झाले.

ब्रिटननेही धडा घेतला. तेथे रुळांचे जाळे १९९६ मध्ये रेलट्रॅक या कंपनीच्या रूपाने शेअर बाजारात गेले. हॅटफिल्ड येथे २००० मध्ये रूळ तुटून झालेल्या अपघातात चौघांचा मृत्यू झाला. देखभालीतील ढिलाई चव्हाट्यावर आली, कंपनी डबघाईस गेली आणि २००२ मध्ये जाळे नेटवर्क रेल या सार्वजनिक हिताच्या संस्थेकडे सोपवावे लागले. जबाबदारी विभागली गेली की रूळ आधी बोलतात, हाच त्याचा अर्थ.

मग परतवाड्याचे काय?

तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या काळात, २०१६ मध्ये, या मार्गाच्या ब्रॉडगेज रूपांतरासाठी सुमारे १,५०० कोटी रुपयांची घोषणा झाली. गाडी पुन्हा सुरू व्हावी म्हणून अचलपुरात सत्याग्रहही झाले. पण ज्या जमिनीची आणि रुळांची मालकी निर्विवाद नाही, तिथे कोट्यवधींचे काम सुरू करणे कोणत्याही सरकारी खात्याला अवघडच जाते. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी कंपनीशी झालेले करार आणि देण्या-घेण्याचा हिशेब जनतेसमोर मांडावा. मग योग्य मोबदला ठरवून मालकी हस्तांतरित करावी. त्यानंतरच निविदा काढाव्यात. तोवर रेल्वेच्या पट्ट्यावरील अतिक्रमण रोखणे एवढे तरी प्रशासनाच्या हातात आहे. एकदा घरे उभी राहिली की नवा मार्ग कागदावरच राहील.

खर्च परवडेल का, हा आक्षेप रास्त आहे. नॅरोगेजची जुनी गाडी तोट्यातच होती. पण तिच्या तिकीटविक्रीवरून ब्रॉडगेजचा अंदाज बांधणे चूक ठरेल. संत्र्याच्या हंगामात माल थेट उत्तर-दक्षिणेकडे गेला, मेळघाटातील रुग्ण आणि विद्यार्थी स्वस्तात अकोला-नागपूर गाठू शकले, तर हिशेब वेगळा निघेल. तो काढायचा की नाही, हेही मालकीचा प्रश्न सुटल्याशिवाय ठरणार नाही. ‘शकुंतले’च्या आठवणी जपणारे वऱ्हाडात पुष्कळ आहेत. तिच्या सातबाऱ्याचा निकाल लावणारा एक निर्णय मात्र दिल्लीकडून अजून यायचा आहे.