पिल्लांची शाळा मोडली की…

नरखेड तालुक्यात संत्र्याची बाग, कपाशीचे वावर आणि झुडपी जंगल यांच्यात अनेकदा एका धुऱ्याचेच अंतर असते. माणूस आणि वन्यप्राणी समोरासमोर आले, की जखमी माणूस सरकारी दवाखान्यात येतो आणि गावात चर्चा सुरू होते : प्राण्याला पकडायचे की मारायचे? तो असा वागायला शिकला कुठे, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

प्राण्यांचे सगळेच वागणे उपजत नसते. घरची मांजर पिल्लांपुढे आधी मेलेला उंदीर टाकते, नंतर अर्धमेला, शेवटी जिवंत. आफ्रिकेतील मीरकॅट हा मुंगसाचा भाऊबंद पिल्लांना विंचू खायला शिकवतो. पिल्लू लहान असेल तर विंचू मारून देतो, थोडे मोठे झाले की नांगी काढून जिवंत देतो. 2006 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी हे प्रयोगांनी दाखवले. हे खरेखुरे शिकवणे आहे.

ही शाळा मोडली तर काय होते? दक्षिण आफ्रिकेतील पिलानेसबर्ग अभयारण्यात कळपातील मोठ्यांना मारल्यानंतर उरलेली हत्तीची पिल्ले आणून सोडली होती. ती वयात आल्यावर 1992 ते 1997 या काळात तरुण नरांनी 40 हून अधिक गेंडे मारले. नंतर तेथे सहा प्रौढ नर आणले आणि हा प्रकार थांबला.

आपल्या विदर्भातले उदाहरण अवनी वाघिणीचे. यवतमाळ जिल्ह्यात 13 माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेल्या या वाघिणीला 2 नोव्हेंबर 2018 रोजी गोळी घालण्यात आली. तिच्या मादी बछड्याला डिसेंबरमध्ये पकडून पेंचमधील कुंपणात ठेवले. मार्च 2021 मध्ये ती वाघीण जंगलात सोडली, पण काही दिवसांतच जखमी झाली आणि दगावली. दुसऱ्या वाघिणीशी झुंज झाली असावी, असा अंदाज होता. एका घटनेवरून निष्कर्ष काढू नये. तरीही वाघाचे बछडे दीड-दोन वर्षे आईसोबत का राहतात, हे यातून ध्यानात येते. शिकार कदाचित कुंपणातही जमेल. दुसऱ्या वाघाची हद्द ओळखून बाजूला होणे तिथे कसे जमणार?

माणसाच्या जिवाला प्रत्यक्ष धोका असेल, तर कठोर निर्णय घ्यावाच लागतो. मात्र आई गेली की प्रश्न संपला, असे समजू नये. तिची अर्धवट शिकलेली पिल्ले मागे उरतात.

दुसरी शाळा आपण स्वतःच चालवतो. देवळापाशी, रस्त्याच्या कडेला माकडांना केळी आणि बिस्किटे देतो. आई माणसाच्या हातातून खाते, हे पोटाशी बिलगलेले पिल्लू पाहत असते. पुढे तेच पिशवीवर झडप घालते आणि हात आखडला की चावते. म्हणजे धडा आपणच दिलेला असतो.

म्हणून तीन गोष्टी पाळाव्यात. माकडांना हाताने खाऊ घालू नये. बागेत बिबट्याचे बछडे दिसले तर उचलू नये, फोटोसाठी गर्दी करू नये; आई बहुधा जवळच असते. वनविभागाला 1926 वर कळवावे. जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात असे बछडे अनेकदा आईकडे परत पोहोचवले गेले आहेत. आणि माकड, कुत्रे किंवा कोणताही सस्तन प्राणी चावला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात येऊन रेबीजची लस सुरू करावी. रक्त आले असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही लागते.

दवाखान्यात आम्ही जखम शिवू शकतो, लस देऊ शकतो. पण धुऱ्यापलीकडचे पिल्लू आपल्याबद्दल काय शिकते, हे गावाच्याच हातात आहे.