दोन बांधांमधली जमीन

मृदसंधारणाचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा बांधापाशी सुरू होते आणि बांधापाशीच संपते. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्यापासून सरकारने बांधबंदिस्तीवर खर्च केला. १९७२ च्या दुष्काळात असंख्य हातांनी ताली घातल्या. पुढे रोजगार हमीने ते काम चालू ठेवले. या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु बांध अडवतो ती सुटलेली माती. ती सुटते दोन बांधांमधल्या रानात, आणि सुटावी की राहावी हे पुष्कळ अंशी पेरणीपूर्व मशागतीवर ठरते. ही मशागत चुकते ती शेतकऱ्याच्या अज्ञानामुळे, असे आपण गृहीत धरतो. माझ्या मते हा प्रश्न अज्ञानाचा नसून अर्थव्यवहाराचा आहे.

सोलापूरकडील काळ्या रानाचे उदाहरण घ्यावे. रब्बी ज्वारीसाठी राखलेले रान खरिपात पडीक असते. तण माजू नये म्हणून त्यावर पुन्हा पुन्हा कुळव फिरतो. या भागात पावसाचा जोर सप्टेंबरात. नेमके तेव्हा रान उघडे आणि वरचा थर भुसभुशीत. थेंबांच्या माराने मातीचे कण सुटतात, बारीक कणांनी छिद्रे बुजतात आणि पाणी मुरायचे थांबून वाहू लागते. मशागतीची तासे उताराच्या दिशेने असतील तर प्रत्येक तास त्या पाण्याचा पाट होतो; उताराला आडवी असतील तर प्रत्येक तास हा एक लहानसा बांध ठरतो.

हैदराबादजवळ पाटणचेरू येथे इक्रिसॅट या संस्थेने काळ्या जमिनीवर १९७६ पासून एक दीर्घ प्रयोग चालवला. सुमारे एक मीटर रुंदीचा वरंबा, शेजारी अर्ध्या मीटरची सरी, सरीला अगदी अल्प ढाळ, आणि खरिपातही रानावर पीक. पारंपरिक पद्धतीच्या रानातून वर्षाला हेक्टरी सरासरी सहा टनांहून अधिक माती गेली, तर सुधारित रानातून दीड टनाच्या आसपास. सहा टन माती हेक्टरभर पसरली तर तिची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर भरते. म्हणूनच हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही आणि कोणाच्या हिशेबातही येत नाही. तीस वर्षांत मात्र तो दीड सेंटिमीटरचा, आणि तोही सर्वांत कसदार, थर असतो.

मग शेतकरी आडवी मशागत का करत नाही? पहिले कारण वाटणीचे. वरचे रान हलके आणि खालचे भारी, म्हणून प्रत्येक भावाला दोन्ही मिळावे यासाठी वाटणी उभ्या पट्ट्यांनी होते. न्याय्य वाटणीतूनच धुपीला वाट मिळते. महाराष्ट्रातील सरासरी वहिवाट १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आली. अशा चिंचोळ्या पट्टीत आडवे औत घालायचे तर क्षणोक्षणी वळावे लागते. दुसरे कारण भाड्याचे. ट्रॅक्टर तासावर मिळतो. प्रत्येक वळणाचे पैसे शेतकऱ्याच्या खिशातून जातात. वाचलेल्या मातीचा लाभ त्याला कधी काळी मिळणार, भाडे मात्र आजच द्यायचे असते.

तिसरे कारण सांगताना मला स्वतःकडे बोट दाखवावे लागते. माझ्या वाट्याची पट्टी मी वर्षानुवर्षे बटईने देत आलो, तीही एकेका वर्षाच्या तोंडी बोलीवर. कुळकायद्याचे वर्गात समर्थन करणारा मी, कुळाचे नाव कागदावर येऊ नये याची मात्र काळजी घेत होतो. पुढच्या वर्षी रान आपल्याकडे असेल की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने तीस वर्षांनंतरच्या मातीची चिंता का करावी? १९४८ च्या कायद्याने असंख्य कुळांना जमीन दिली, हे त्याचे ऐतिहासिक कार्य. परंतु त्याच्या धाकाने उरलेली कसणूक चोरटी आणि अल्पमुदतीची झाली, हेही आपण मान्य केले पाहिजे.

उपाय या कारणांतूनच निघतात. शेजारच्या पट्ट्यांनी मालकी आणि हद्दीचे दगड कायम ठेवून मशागत व पेरणी एकत्र, उताराला आडवी करावी. यात सामुदायिक शेतीचे भय बाळगण्याचे कारण नाही. सावड आणि इर्जिक आपल्या खेड्यांना नवी नाहीत. अशा आडव्या मशागतीचे जादा भाडे मृदसंधारणाच्या निधीतून द्यावे. २०१८ पासून कृषी संजीवनी प्रकल्पाने रुंद वरंबा-सरीचा पुरस्कार केला हे योग्यच झाले. पण केवळ यंत्राला अनुदान दिले तर ते यंत्र घेऊ शकणाऱ्याला मिळते, भाड्याने औत आणणाऱ्याला नव्हे. आणि मालकाचा हक्क अबाधित ठेवून कसणाऱ्याला किमान पाच वर्षांचा लेखी करार मिळेल, अशी कायद्याने तरतूद व्हावी.

जमीन कसणाऱ्याची, ही घोषणा आपण दिली. पण ज्याला उद्याची शाश्वती नाही, त्याच्याकडून माती राखण्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?